आंब्यांचा बाजार

एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीच्या बाजारात आंब्यांचा सुवास दरवळू लागतो. हापूस, पायरी आणि रायवळ यांच्या राशी लागतात. शेजारी ओले काजू, फणस आणि करवंदे असतात. सुट्टीच्या दिवशी घरातील मंडळी खरेदीला निघतात. अम्मी म्हणतात, "तू मराठी शिकतोस ना? मग तूच भाव विचार." आणि परीक्षेत चांगले गुण मिळवणारी मुलेही अशा वेळी गप्प राहतात!

संकोच कशाला करायचा? बाजारातील कितीतरी शब्द तुमच्या घरचेच आहेत. बाजार, दुकान, किंमत, वजन, माल, नमुना, दलाल हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. 'हिसाब'चा 'हिशेब' झाला. 'कलम' हा शब्द पाहा. कलम म्हणजे लेखणी, हे तुम्हांला माहीत आहे. चांगल्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधून नवे झाड तयार करतात. त्यालाही उर्दूत आणि मराठीत कलमच म्हणतात. हापूसची लागवड अशा कलमांनीच करतात. कोय पेरून आलेल्या झाडाला तशीच फळे येतील, याचा भरवसा नसतो.

एक शब्द मात्र जपून वापरा. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे. मराठीत 'खाली' म्हणजे तळाकडे. पेटी घेताना हा शब्द फार उपयोगी पडतो. कधीकधी वरच्या थरात मोठी फळे असतात आणि तळाला लहान किंवा डागाळलेली असतात. म्हणून नम्रपणे म्हणा, "काका, खालचा थर दाखवता का?" प्रामाणिक विक्रेता या प्रश्नाने रागावत नाही.

मग विचारा, "आंबा कुठल्या बागेतला? अढीत पिकवला आहे ना?" पेंढ्यात फळे रचून पिकवतात, तिला अढी म्हणतात. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे दुसरीकडचा आंबा या नावाने विकणे गैर आहे. तरीही गिऱ्हाइकाने चौकशी करावीच.

चौकशी करणे वेगळे आणि संशय घेणे वेगळे. हापूसमध्ये कधी 'साका' निघतो. म्हणजे आतला गर पांढरट व बेचव होतो. तो बाहेरून दिसत नाही. म्हणून एखादे फळ खराब निघाले, तर लगेच विक्रेत्याला लबाड म्हणू नका. त्यालाही ते ठाऊक नसते.

खरेदीनंतर सर्वजण खाणावळीत जेवायला जातात. तेथेही फळ्यावरची पदार्थांची नावे तुम्हीच मोठ्याने वाचा. तांदळाची भाकरी, सुरमईचे कालवण, सोलकढी! सोलकढी कोकम आणि नारळाच्या दुधापासून करतात. "दादा, आणखी थोडी सोलकढी द्याल का?" असे विचारा. शेवटी हिशेब तपासा आणि "जेवण छान होते" असे सांगायला विसरू नका.

मुलांनो, भाषा पुस्तकात शिकता येते. पण ती आपली होते ती बोलल्यावर. बाजारात एखादा शब्द चुकला, तर कोणी गुण कापत नाही. उलट समोरचा माणूस हसून योग्य शब्द सांगतो. पुढच्या वेळी भाव तुम्हीच विचारा.

स्वाध्याय

1. 'कलम' या शब्दाचे दोन अर्थ लिहा.
2. 'खाली' हा शब्द उर्दूत व मराठीत कोणत्या अर्थांनी वापरतात? प्रत्येकी एक वाक्य तयार करा.
3. खराब फळ निघाल्यास विक्रेत्याला लगेच लबाड का म्हणू नये?
4. तुम्ही आणि फळविक्रेता यांच्यातील संभाषण आठ वाक्यांत लिहा.