आयडी फुकट, चुका महाग

वेबपानावरच्या प्रत्येक रकान्याला, बटणाला जावास्क्रिप्टने स्वतंत्र आयडी द्यायला खर्च किती? शून्य रुपये. कोणी यासाठी विकतचं प्लगइन गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. लागतं ते सगळं ब्राउझरमध्येच आहे. आणि नुसतं रंगरूप बदलायचं असेल तर आयडीही नको, क्लास पुरतो.

काम सुरू करण्याआधी साइटच्या फाइली बदलण्याची परवानगी मिळवा, मूळ फाइलींची प्रत काढून ठेवा आणि एक गोष्ट ठरवा: पान पुन्हा उघडल्यावर आयडी तोच राहायला हवा का? हवा असेल तर तो ब्राउझरकडून बनवून घेऊच नका, डेटाबेसमधल्या नोंदीचा क्रमांक वापरा. नको असेल तर 'ओळ-१', 'ओळ-२' असा चढता आकडा पुरतो. दोन-तीन ओळींचा कोड. मात्र आयडीत मोकळी जागा चालत नाही.

एकाच पानावर अनेकांच्या स्क्रिप्ट चालत असतील तर आकडे एकमेकांशी भिडतात. तिथे ब्राउझरची 'रँडमयूयूआयडी' सोय वापरा: ३६ अक्षरांचा आयडी, पुन्हा तोच येण्याची शक्यता नगण्य. क्रोममध्ये ती २०२१ पासून, सफारीत २०२२ पासून आहे.

छुपा खर्च इथेच निघतो. प्रोग्रामरचा स्वतःचा संगणक (लोकलहोस्ट) सोडला तर ही सोय फक्त 'एचटीटीपीएस'वर चालते. प्रोग्रामरच्या स्वतःच्या संगणकावर सगळं सुरळीत, तुमच्या साध्या 'एचटीटीपी' साइटवर ठप्प! मग होस्टिंगवाला सर्टिफिकेटचे पैसे मागतो. देण्याआधी 'लेट्स एन्क्रिप्ट'चं मोफत सर्टिफिकेट बसवता येतं का, ते विचारा. दुसरी मेख: हा आयडी सोळांतून सरासरी दहा वेळा आकड्याने सुरू होतो आणि असा आयडी सीएसएस सिलेक्टरमध्ये जसाच्या तसा चालत नाही. म्हणजे कधी चालेल, कधी अडेल. पुढे एक अक्षर जोडायला सांगा.

शॉर्टकटपासून जपा. घड्याळाच्या वेळेवरून आयडी बनवला तर एकाच मिलिसेकंदात तयार झालेल्या दहा ओळींना एकच आयडी मिळतो. 'आणखी एक सदस्य जोडा' या बटणामागे बहुधा आधीच्या ओळीची नक्कल असते आणि नकलेत जुना आयडीही येतो. मग दुसऱ्या ओळीतल्या 'नाव' या लेबलवर क्लिक केलं की कर्सर पहिल्या ओळीत जातो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना तर रकान्याचं नावही चुकीचं ऐकू येऊ शकतं. म्हणून नक्कल झाल्याबरोबर आयडी बदला, लेबलमधला 'फॉर'ही बदला. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीची १८ किंवा पुढची आवृत्ती असेल तर त्यातलं 'यूजआयडी' वापरा, पण यादीच्या 'की'साठी नाही.

ब्राउझरमधला आयडी कोणीही बदलू शकतो. पैशांचा हिशेब त्यावर ठेवू नका.

छोट्या फॉर्मला तास-दोन तास पुरतात. काम ताब्यात घेताना चार-पाच ओळी वाढवून पाहा, मग आयडी असलेले एकूण घटक आणि त्यांतले वेगवेगळे आयडी मोजून दाखवायला सांगा. दोन्ही आकडे जुळले तरच बिल द्या.