आकारावर जाऊ नका

मानकोली-भिवंडीच्या पट्ट्यातल्या एखाद्या वखारीत फायबरची जुनी, वेगळ्याच घडणीची शिडाची होडी विकायला आली, तर पाहणारा पहिल्यांदा विचारतो, ‘ही कुठली?’ उत्तरही लगेच मिळते, आणि ते बहुधा आकार पाहून दिलेले असते. अशा उत्तरावर पैसे मोजणे हीच मला सगळ्यात मोठी फसगत वाटते. लाकडी होडीत फळी-फळीवर सुताराचा हात दिसतो. फायबरची होडी मात्र साच्यातून निघते, आणि साचा कोणत्याही तयार होडीवरून घेता येतो. बाहेरून मेण चोळायचे, काचतंतूंची मॅट नि रेझीनचे थर चढवायचे, वाळले की सोडवायचे. झाला नवा साचा. अमेरिकेत ही नक्कल इतकी चालली की वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, 1989 मध्ये निकाल लागला आणि 1998 मध्ये होडीच्या बुडाच्या रचनेला संरक्षण देणारा वेगळा कायदा करावा लागला.

आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहैली’ कुलाब्यात बांधलेली, सागवानाची, 32 फुटी. तिच्यासाठी इंग्लंडहून एका होडीचे नकाशे मागवले होते. आले ते दुसऱ्याच, जुन्या होडीचे. विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन रचनाकाराने 1920च्या दशकात आखलेली ती ‘एरिक’, आणि तिचे मूळ त्याआधीच्या नॉर्वेतल्या कॉलिन आर्चरच्या बचाव-होड्यांत. याच ‘एरिक’वरून 1970च्या दशकात कॅलिफोर्नियात फायबरची ‘वेस्टसेल 32’ निघू लागली. पुढे 2017 मध्ये गोव्यात दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांच्यासाठी ‘सुहैली’ची लाकडी प्रतिकृती ‘थुरिया’ बांधली गेली. एकाच वळणाच्या या होड्या तीन वेगळ्या किनाऱ्यांवर जन्मल्या. नुसते दोन्हीकडे निमुळते अंग पाहून ही अमुक देशाची म्हणणाऱ्याने यांचे काय करावे?

मुंबईच्या आसपास तर त्याहून साधी शक्यता आधी तपासावी. दारूखाना भागात वर्षानुवर्षे जहाजे तोडली गेली, आणि जुन्या जहाजांवरच्या जीवरक्षक होड्यांना शीड असे. 1960च्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारानुसार त्यांत डोलकाठी आणि नारिंगी रंगाचे शीड ठेवावे लागे. नव्या जहाजांवर इंजिनाच्या, झाकलेल्या किंवा अर्धवट झाकलेल्या होड्या सक्तीच्या झाल्या त्या 1986 पासून. म्हणून पुढेमागे उचलण्याचे लोखंडी आकडे, बाहेरून लोंबत्या दोरीचे फास नि बाकांखाली हवाबंद कप्पे दिसले, तर ती कुणा हौशी श्रीमंताची नौका असण्यापेक्षा जहाजावरून उतरलेली होडी असण्याचा संभव जास्त. अशा होडीच्या नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) दोन्ही बाजूंना जहाजाचे नाव नि नोंदणीचे बंदर लिहिण्याचा नियम होता. रंगाखाली ती अक्षरे पुष्कळदा शाबूत असतात. टॉर्च आडवा धरला की त्यांच्या कडा दिसतात. पण इथेही घाई नको. ‘मोनरोव्हिया’ वाचून होडी लायबेरियाची ठरत नाही; ते जहाजाच्या कागदावरचे बंदर, होडीच्या कारखान्याचे गाव नव्हे.

जाणकार दर्यावर्दी एका नजरेत ओळखतात, असा आक्षेप येईल. त्यांच्या नजरेचा मला आदर आहे, पण ती नजर घराणे सांगते, कारखाना नाही. त्यासाठी क्रमांक हवा. अमेरिकी होड्यांवर 1 नोव्हेंबर 1972 पासून 12 अक्षरी क्रमांक मागच्या सपाट फळीच्या उजव्या बाजूला, वरच्या कडेजवळ असतो; पहिली तीन अक्षरे बांधणाऱ्याची. युरोपात 1998 पासून देशाच्या खुणेसह 14 अक्षरे येतात. ती जागा साबणाने धुवा, वर पातळ कागद धरून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवा. बोटाला न लागलेले खोलगट अंकही कागदावर उतरतात. क्रमांकाची पट्टी बदलता येते, हे खरे. म्हणूनच अमेरिकेत 1984 पासून तोच क्रमांक होडीत दुसऱ्या लपलेल्या जागीही घालावा लागतो. दोन्ही जुळले तर विश्वास ठेवावा. 1972 पूर्वीच्या होडीला हा आधार नसतो. तेव्हा डोलकाठी, कप्प्या, खिडक्या यांवरची कारखान्यांची नावे एकत्र मांडून पाहावी. एकटे नाव काही सिद्ध करत नाही, कारण सुटे भाग बदलतात. शिडावरची खूण तर सगळ्यात कच्ची, शिडे होडीआधीच बदलली जातात.

होडी तरंगते ना, मग मूळ कशाला हवे, असेही कुणी म्हणेल. बूड भरीव आहे की मध्ये बाल्साचे हलके लाकूड आहे हे मुळावरून कळते, आणि बाल्सात पाणी मुरले असेल तर दुरुस्ती होडीच्या किमतीहून भारी पडू शकते. परदेशातून आलेली असेल तर आयातीची कागदपत्रेही मागावी लागतात. ती नसतील तर अडचण पुढे नव्या मालकाची. म्हणून क्रमांक शोधून होईपर्यंत होडीला ग्राइंडर लावू देऊ नका, नवा रंग मारू देऊ नका. घासलेला अंक परत येत नाही. विक्रेता आधी रंगवून देण्याचा आग्रह धरू लागला, तर विसार देऊ नका.