हळदीचा पैसा कॉइनमध्ये घालण्याआधी

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात किंवा वसमतच्या मोंढ्यात हळद आणणाऱ्याला भावासाठी थांबणं कुणी शिकवावं लागत नाही. 2010-11 च्या सुमारास क्विंटलला 15 हजारांवर गेलेली हळद 2012 मध्ये 4 हजारांच्या आसपास आली होती, आणि 2023 च्या पावसाळ्यात काही आठवड्यांत भाव दुपटीजवळ पोचला. पोती घरात ठेवणाऱ्यांना त्या वर्षी थांबल्याचं फळ मिळालं. क्रिप्टोच्या स्पॉट ट्रेडिंगमध्ये, म्हणजे रोख पैसे देऊन कॉइन घेण्या-विकण्यात उतरणारी आपल्याकडची पोरंही त्याच भरवशावर ‘धरून ठेवलं की भाव येतोच’ म्हणतात. मला हा भरवसा धोक्याचा वाटतो. हळद कितीही पडली तरी ती खाणारा, दळणारा, औषधाला नेणारा कुणीतरी असतोच. शिवाय पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला, तर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळतं, म्हणून घरखर्च भागवून थांबता येतं. कॉइनला असा आधार नाही. बिटकॉइन नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरला टेकला, वर्षभरात 16 हजारांखाली गेला आणि जुना उच्चांक ओलांडायला मार्च 2024 उजाडला. लुना नावाचा कॉइन मे 2022 मध्ये 80 डॉलरवरून आठवड्याभरात कवडीमोल झाला. दोन्ही कॉइनच्या धारकांनी धीर धरला होता. म्हणून क्रिप्टोत खरा धीर लागतो तो घेण्याआधी: हा कॉइन का घेतोय, किती पडला की सोडायचा, किती चढला की थोडा थोडा विकायचा, हे पैसे गुंतण्याआधी वहीत लिहून ठेवावं. भाव हलायला लागल्यावर डोकं शांत राहत नाही.

यावर कुणी म्हणेल, इतकं थांबण्यापेक्षा रोज खरेदी-विक्री करून थोडं थोडं काढलेलं बरं. त्यांनी आधी आयकराचा हिशेब मांडावा. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, वर चार टक्के सेस. बाकी उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असलं तरी या नफ्याला ती मर्यादा लागू होत नाही. त्याहून जाचक म्हणजे एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एकात 50 हजार कमावले आणि दुसऱ्यात 50 हजार घालवले, तर हातात शून्य, पण कर 15 हजार 600 रुपये. जुलै 2022 पासून ठरावीक रकमेपुढच्या विक्रीवर एक टक्का टीडीएसही कापला जातो. एक लाखाची उलाढाल वीस वेळा केली, तर भाव जागचा हलला नाही तरी अठरा हजारांच्या आसपास रक्कम त्यात अडकते. विवरणपत्र भरून ती करात वळती होते हे खरं, पण तोवर भांडवल तेवढं आटलेलं असतं. रोज खरेदी-विक्री करणारा बाजाराशी लढण्याआधीच या आकड्यांशी हरत असतो.

‘स्पॉटमध्ये उधारी नाही, मग बुडेल कसं?’ हा दुसरा प्रश्न. उधारीवर चालणाऱ्या फ्युचर्सपेक्षा स्पॉट बरा, हे मलाही मान्य आहे. पण आपला कॉइन खरोखर कुणाच्या ताब्यात असतो? 18 जुलै 2024 ला वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवर हॅकरांनी सुमारे 23 कोटी 50 लाख डॉलरचा डल्ला मारला, आणि ग्राहकांचे कॉइन वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. लांबची गुंतवणूक करायची असेल तर ती एक्स्चेंजवर न ठेवता स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्यावी, वॉलेटचे गुप्त शब्द कागदावर लिहावेत आणि मोबाईलमध्ये त्यांचा फोटो ठेवू नये. दरमहा ठरावीक परतावा देऊ म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नये. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने असंच महिन्याला दहा टक्क्यांचं आमिष दाखवलं होतं, आणि 2018 मध्ये पुणे पोलिसांना त्याच्या म्होरक्याला अटक करावी लागली.

राहिला प्रश्न रकमेचा. हळदीची पट्टी हातात आली की त्यातून आधी पुढच्या लागवडीचं बेणं, मजुरी, खत आणि पीककर्जाचा हप्ता बाजूला काढावा. त्यानंतर घरच्या अडीनडीचे पैसे ठेवावेत. एवढं करून जे उरेल, त्यातलाही लहानसा हिस्साच कॉइनसाठी असावा. बेण्याचा पैसा घातलेल्या माणसाला वर्षभर थांबणं शक्यच नसतं. लागवडीची वेळ आली की भाव कितीही पडलेला असो, त्याला विकावंच लागतं.