भिडूची बोली, प्रतिपक्षाचा ओव्हरकॉल आणि आपण

ब्रिज शिकणाऱ्या नवख्याला पहिली बोली देणे लवकर जमते. भिडूच्या बोलीला उत्तर देणेही चार-सहा बैठकींत अंगवळणी पडते. घोटाळा होतो तो पुढेच. भिडू ‘एक चौकट’ म्हणतो, आपले उत्तर ओठांवर असते, आणि उजवीकडचा प्रतिपक्षी मध्येच ‘एक इस्पिक’ म्हणून मोकळा होतो. या मधल्या बोलीला ओव्हरकॉल म्हणतात. तिच्यानंतर आपले उत्तर कसे ठरवावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ ही गुणांची मोजणी वाचकांस ठाऊक आहे असे गृहीत धरतो.

प्रथम काय बदलले ते पाहू. ‘एक बदाम’ ही पायरी आपल्या हातून गेली. पण बोलण्याची सक्तीही गेली! एरवी सहा गुणांवर आपण बोलतोच. कारण भिडूपाशी अठरा-एकोणीस गुण असू शकतात, आणि आपण पास म्हटले तर त्याला पुन्हा संधी मिळेलच असे नाही. आता ती मिळणारच आहे. म्हणून आता बोलायचे ते काही सांगण्यासारखे असेल तरच. चार हात घेऊन पाहू.

(१) इस्पिक ६-४-२, बदाम राणी-गुलाम-५, चौकट १०-८-३, किल्वर राणी-गुलाम-६-२. गुण सहा. एरवी ‘एक बिनहुकमी’ म्हटले असते. आता पास. ‘एक बिनहुकमी’ला आता आठ ते दहा गुण आणि इस्पिक अडवणारे पान हवे.

(२) इस्पिक ७-३, बदाम एक्का-८-४, चौकट राजा-राणी-९-६-२, किल्वर राणी-७-५. गुण अकरा आणि चौकटीचा भक्कम पाठिंबा. येथे प्रतिपक्षाचाच रंग बोलावा : ‘दोन इस्पिक’. म्हणजे, ‘भिडू, तुझा रंग मला पसंत आहे आणि हात चांगला आहे.’ थेट ‘तीन चौकट’ ही उडी मग दुबळ्या हातासाठी मोकळी राहते.

(३) इस्पिक ८-५-२, बदाम एक्का-गुलाम-७-३, चौकट राणी-६, किल्वर गुलाम-९-५-२. गुण आठ. ‘दोन बदाम’ म्हणावे तर पाच बदाम व दहा गुण हवेत. पास म्हणावे तर बदामांचा डाव हातचा जातो. यावर उपाय म्हणजे निगेटिव्ह डबल. अमेरिकन खेळाडू अल्विन रॉथ यांनी १९५७ साली ही रीत प्रचारात आणली. त्याच वर्षी रशियाचा उपग्रह आकाशात गेला होता, म्हणून तिला ‘स्पुटनिक’ हे टोपणनाव पडले. या डबलचा अर्थ दंड वसूल करणे नव्हे, तर ‘माझ्यापाशी चार बदाम आणि निदान सहा गुण आहेत’ एवढाच.

वसतिगृहात असताना असाच हात आला व मी मोठ्या ऐटीत ‘डबल’ म्हटले. भिडूने दंडाचे डबल समजून पास दिला. प्रतिपक्षाने सात हात आरामात केले. आमचे मिळून आठ बदाम मात्र तसेच राहिले. दोष पत्त्यांचा नव्हता. पुस्तक मी वाचले होते. भिडूशी बोललो नव्हतो.

(४) इस्पिक एक्का-राणी-१०-८-४, बदाम ७-२, चौकट ९-३, किल्वर राजा-८-६-४. डबल म्हणण्यासाठी जीभ शिवशिवते; पण डबलचा अर्थ आता बदाम असा ठरला आहे. म्हणून शांतपणे पास. इस्पिक कमी असलेला भिडू आपल्या पाळीला बहुधा डबल म्हणेल. मग आपण पुन्हा पास म्हणून दंड वसूल करावा.

पहिल्या व चौथ्या हाताला उत्तर एकच आहे : पास. तो दोन्ही वेळा सारख्याच स्वरात, सारख्याच वेळात यायला हवा. चौथ्या हातावर रेंगाळून, सुस्कारा टाकून दिलेला पास भिडूला जे सांगतो ते सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. तसेच आपल्या डबलचा ठरलेला अर्थ प्रतिपक्षालाही कळला पाहिजे. गुप्त संकेत खेळात बसत नाहीत.

तेव्हा वाचकहो, पुढच्या डावाला बसण्यापूर्वी पाच मिनिटे काढा आणि भिडूला एकच प्रश्न विचारा : ‘मध्ये कोणी बोलले, तर माझ्या डबलचा अर्थ काय?’ उत्तर कोणतेही असो. ते दोघांचे एक असले म्हणजे झाले.