सेंद्रिय धान्याचे मोल

मुलांनो, बाजारात तूरडाळ दोन निरनिराळ्या भावांनी विकली जाताना तुम्ही पाहिली असेल. एका पिशवीवर 'सेंद्रिय' हा शब्द छापलेला असतो आणि तिचा भाव अधिक असतो. डाळ दिसावयास सारखीच. मग हे अधिक पैसे कशाचे? याचे उत्तर शोधण्यासाठी शेतात जावयास हवे.

कारखान्यात तयार झालेली रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता केलेल्या शेतीस सेंद्रिय शेती म्हणतात. पिकांना नत्र हवेच. ते येथे शेणखत, कंपोस्ट, ताग-धैंचा यांचे हिरवळीचे खत आणि कडधान्यांच्या मुळांवरील गाठी यांपासून मिळते. इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांपासून उत्तम खत करण्याची रीत बसविली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर प्रसिद्ध झाली.

आता कष्टांचा हिशेब करू. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. शेणखतात ते शेकडा अर्धाच भाग धरले, तर तितक्या नत्रासाठी सुमारे ४ टन खत वाहून शेतात पसरावे लागते. शिवाय युरियाच्या किमतीचा मोठा भाग सरकार सोसते. तणनाशक वर्ज्य, म्हणून खुरपणी हातानेच करावयाची. किडीसाठी ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवावयाच्या, अर्क गाळून त्यात १०० लिटर होईतो पाणी घालावयाचे आणि मग फवारावयाचे. पावसाने तो धुऊन गेला, की पुन्हा तोच खटाटोप!

प्रारंभीचा काळ तर फारच कठीण. प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना सामान्यतः २ वर्षे व फळबागांना ३ वर्षे थांबावे लागते. या काळात उत्पन्न बहुधा घटते आणि माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकताही येत नाही. तेव्हा घर चालवावे कसे, ही चिंता शेतकऱ्यास ग्रासते.

परंतु ग्राहकाने दिलेला सारा पैसा शेतकऱ्याच्या हाती पडत नाही. तपासणी, वेष्टन, वाहतूक व दलाली यांत त्याचा बराच भाग जातो. दुसरीकडे, मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबास अशी डाळ परवडत नाही. यासाठी काही ठिकाणी शेतकरी गट करून एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. त्यामुळे प्रमाणपत्राचा खर्च कमी होतो. काही जण आठवडी बाजारात माल थेट ग्राहकास विकतात.

तेव्हा स्वस्त धान्य घेणाऱ्यास कोणी नावे ठेवू नयेत आणि अधिक भाव मागणाऱ्या शेतकऱ्यास लोभी म्हणू नये. जमिनीचा कस राहावा, पिकविणाऱ्यास पोटभर मिळावे आणि खाणाऱ्यासही ते परवडावे, या तिन्ही गोष्टींचा मेळ घालण्याचे काम अजून पुरे झालेले नाही. उद्या ते तुम्हांस करावयाचे आहे.

स्वाध्याय
१. सेंद्रिय शेतीत पिकांना नत्र कशापासून मिळते?
२. पहिली दोन-तीन वर्षे शेतकऱ्यास कठीण का जातात?
३. 'भाव' व 'मोल' या शब्दांतील फरक उदाहरणे देऊन सांगा.