गाडी कुठे थांबणार, ते आधी ठरवा

मे महिन्यात मराठवाड्यात कॅराव्हॅन घेऊन फिरायला निघणाऱ्यांना एक गोष्ट सांगते. गाडी किती धावेल याचा हिशेब सगळेच करतात. ती भर दुपारी कुठे थांबेल, याचा हिशेब आधी करा. जालना जिल्ह्यातल्या एका दुपारी आमच्या घरातलं वडीलधारं माणूस थोडक्यात वाचलं, आणि त्यानंतर हे सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

राज्य सरकारनं २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून बिछाना, छोटा ओटा, फ्रिज आणि पाण्याची टाकी असलेल्या गाड्या भाड्यानं घेण्याकडे लोकांचा ओढा वाढतो आहे. त्यातच ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ला पूर्ण खुला झाला. ठाण्याहून सकाळी चहा-नाश्ता आटोपून निघालं तरी दुपारी जालन्यात पोचता येतं. उन्हाळ्यात नेमका इथेच घोळ होतो. रस्ता झटपट संपतो आणि आपण ऐन तापलेल्या वेळी येऊन उतरतो.

माझ्या सासऱ्यांना, नानांना, समर्थ रामदासांचं जन्मगाव असलेलं जांब समर्थ बघायचं होतं. जालन्याला महामार्ग सोडून आम्ही अंबडमार्गे घनसावंगीकडे निघालो. अंबडच्या पुढे मागचा टायर फुटला. इंजिन बंद करावं लागलं आणि त्याबरोबर एसीही बंद झाला. आतल्या बॅटरीवर दिवे, पंखा आणि फ्रिज चालत होते. एसी पेलण्याइतकी तिची ताकद नव्हती. नानांना बाहेरचं ऊन नको म्हणून आतल्या बिछान्यावर पडून राहायला सांगितलं होतं. टाकीतलं पाणी आणि सामान यांनी गाडी जड झालेली. जॅक लावून स्टेपनी चढवायला फार वेळ गेला.

तेवढ्यात नाना चिडचिड करू लागले. जांब किती लांब आहे, हे पुन्हा पुन्हा विचारू लागले. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. बाजूच्या मोसंबीच्या बागेतला शेतकरी धावत आला. "आधी बाबांना खाली घ्या ताई, पत्र्यात जीव शिजतो," म्हणाला. नानांना झाडाखाली आणलं, शेततळ्याच्या पाइपचं पाणी अंगावर धरलं, ओल्या उपरण्यानं वारा घातला. मग त्याच्याच जीपमधून जालन्याचा दवाखाना गाठला. अंगावर वेळेत पाणी पडलं म्हणून निभावलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्या दिवशी आणि नंतर जे शिकले, ते असं.

कोकणपट्टीच्या माणसाला जालन्याचं ऊन कळत नाही. आमच्याकडे घामानं अंग निथळतं, म्हणून पाणी प्यायची आठवण होते. इथे मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की घाम त्वचेवर येताच उडून जातो. अंग कोरडं दिसतं आणि शरीरातलं पाणी मात्र चाललेलं असतं. त्यामुळे तहानेची वाट न बघता थोड्या थोड्या वेळानं घोटभर पाणी प्या; ताक, पन्हं, लिंबू-सरबत मीठ घालून घ्या. ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला; चमचा चहाचा.

दुसरं म्हणजे, पारा चाळिशीपार गेला की खिडकीतून येणारा वारा दिलासा देत नाही. आपल्या त्वचेचं तापमान पस्तीसच्या आसपास असतं; त्याहून गरम वारा अंग आणखी तापवतो. पण हवा कोरडी असल्यामुळे ओलं कापड इथे फार गुणकारी ठरतं. मराठवाड्यात घरोघरी कूलर चालतो तो याच कारणानं. खिडकीला ओली चादर लावा, डोक्याला-मानेला ओला पंचा गुंडाळा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. उन्हात बंद उभी असलेली गाडी ही सावली नव्हे. काचेतून आत आलेली उष्णता कोंडून राहते आणि पहिल्या अर्ध्या तासातच आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं. गाडी बंद पडली तर म्हातारी माणसं, लहान मुलं आणि गरोदर बाई यांना सगळ्यात आधी बाहेर काढून कडुनिंबाखाली, मंदिराच्या ओवरीत, शाळेच्या व्हरांड्यात, मिळेल त्या आडोशाला न्या. सामान, टायर, फोन हे सगळं त्यानंतर.

उष्माघात ओळखायची खूण बोलण्या-वागण्यात दिसते. असंबद्ध बोलणं, विनाकारण संताप, तोल जाणं, झापड येणं आणि त्याबरोबर तापलेलं अंग दिसलं तर तो उष्माघातच समजा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १०८ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत गार करणं थांबवू नका. कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. नाना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात. अशा गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

टायरचं म्हणाल, तर कमी हवा, जास्त वजन, जुनं रबर आणि वेग एकत्र आले की तो फुटतो. हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. चालून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो, तो उतरवू नका. थंड झाल्यावर हवा कमी भरेल. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. गाडी ताब्यात घेताना हे वाचा, स्टेपनीचंही वाचा. जॅक भरलेल्या गाडीचं वजन उचलतो का, आणि गाडी बंद असताना एसी कशावर चालतो, हे मालकाला स्पष्ट विचारा. एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपणं टाळा. धुराड्यातला विषारी वायू आत शिरला तर झोपेतच जीव जातो.

वेळेचं गणित असं ठेवा: रात्री लवकर झोपून पहाटे चारला निघा, दहाच्या आत मुक्कामी पोचा. अकरा ते पाच पक्क्या छताखाली काढा: लॉज, भक्तनिवास, नातेवाइकांचं घर. ती जागा आदल्या दिवशी फोन करून ठरवा. ऊन टाळायला रात्रभर गाडी हाकू नका. १ जुलै २०२३ला मध्यरात्रीनंतर, जालन्याच्या शेजारी सिंदखेडराजाजवळ, समृद्धीवरच्या बस अपघातात २५ जणांचा जीव गेला. सरळसोट रस्ता आणि अपुरी झोप यांची जोडी फार घातक असते.

शेवटचं पाण्याबद्दल. जालना जिल्ह्यातली कितीतरी गावं उन्हाळ्यात टँकरवर जगतात. पिण्यासाठी तांब्याभर पाणी तुम्हाला कुणीही देईल. पण त्या भल्या माणसांकडे गाडीची टाकी भरून मागू नका. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी मोठ्या शहरातून भरून न्या आणि जपून वापरा. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये, माणशी दिवसाला किमान पाच लिटर ठेवा आणि त्यातला एक जादा कॅन अडचणीसाठी न उघडता राखा.

आणि वेळापत्रक आखताना घरातल्या सगळ्यात नाजूक तब्येतीच्या माणसाला समोर ठेवा. त्याला दुपार झेपणार नसेल, तर जांब समर्थ, राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी ही सगळी ठिकाणं डिसेंबरातही तिथेच असतात. तेव्हा जा. नानांना आम्ही आता हिवाळ्यातच नेणार आहोत.