न बोलणाऱ्या मुलासाठी चित्रकार्डं : सुरुवात कशी करायची?

शिक्षक मित्रांनो, वर्गातलं एखादं मूल बोलत नाही म्हणजे त्याला काही सांगायचं नसतं, असं नाही. तहान लागलेली असते, पोट दुखत असतं, पंख्याचा आवाज सहन होत नसतो. सांगायला मार्ग नसला की ते ओरडतं, स्वतःचा हात चावतं आणि आपण त्याला 'हट्टी' म्हणून मोकळे होतो.

अशा मुलांसाठी अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात चित्रांच्या देवाणघेवाणीची पद्धत तयार केली. 'पेक्स' या नावाने ती ओळखली जाते. तिच्या सहा पायऱ्या आहेत, पण माझ्या मते खरी मेहनत पहिलीलाच.

या पायरीला दोन मोठी माणसं लागतात. एक जण मुलाच्या आवडीची वस्तू, समजा चिक्की, हातात धरून समोर बसतो. दुसरा मुलाच्या मागे. मूल चिक्कीकडे झेपावलं की मागचा माणूस एक शब्दही न बोलता त्याचा हात धरून चित्र उचलायला आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करतो. चित्र हातात पडताच "चिक्की!" म्हणायचं आणि लगेच तुकडा द्यायचा. "काय पाहिजे? सांग बरं" असं विचारायचं नाही. विचारलं की मूल आपल्या प्रश्नाची वाट बघायला शिकतं, आपणहून सांगायला नाही. मागची मदत मात्र हळूहळू कमी करत न्यायची.

पुढे अंतर वाढवायचं, मग चित्रांतून निवड, मग वाक्यपट्टी. इथे मराठीची एक गंमत आहे. चेंडू हवा, चिक्की हवी, पाणी हवं! मुलाला तीन कार्डांत अडकवू नका. 'पाहिजे' हे एकच कार्ड तिन्हीकडे चालतं : मला – चेंडू – पाहिजे. शेवटच्या दोन पायऱ्यांत प्रश्नाला उत्तर देणं आणि दिसलेल्या गोष्टीबद्दल सांगणं येतं.

"चित्रं दिली तर हा कधी बोलणारच नाही ना?" हा पालकांचा प्रश्न ठरलेला. आजवरच्या अभ्यासांत चित्रांमुळे बोलणं अडल्याचं दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं वाढलं आहे. हे त्यांना शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आणि हो, कार्डं कपाटात कुलूपबंद नकोत. वेल्क्रो लावलेली त्याची वही खिचडीच्या रांगेतही त्याच्याजवळ असू द्या, घरीही जाऊ द्या.